मदत हवी आहे: फिशटँकमध्ये तपकिरी शेवाळ, घासलं तरी परत येतंय

वैतागलेला_पुणेकर
दर रविवारी अख्खा टँक रिकामा करून घासतो. बुधवारपर्यंत काचेवर, वाळूवर, प्लॅस्टिकच्या झाडांवर पुन्हा तोच तपकिरी थर. कोणतं औषध घालू? लवकर सांगा, उद्या दुकानात जायचंय.

पाणकोंबडी
टँक केवढा, किती जुना, मासे कोणते, पाणी कुठलं, दिवा किती तास? आणि बोटाने पुसलं तर जातं का? पिठासारखं निघत असेल तर डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. काळसर झुबके असतील आणि ओढूनही सुटत नसतील तर प्रकरण वेगळं.

सकरवाला
एवढी चौकशी कशाला? 2 सकर फिश सोडा, काच चकाचक.

अळूवडी
सकर फूटभर वाढतो हो. आणि खातो त्या मानाने घाण भरपूर करतो.

खडेमीठ
मूठभर खडे मीठ टाका, शेवाळ मरतं.

बेसॉल्ट
डायटम समुद्रातही सुखाने नांदतात, तुमच्या मुठीने त्यांचं काय होणार?

वैतागलेला_पुणेकर
बोटाने निघतं. 2 बाय 1 बाय 1 फूट. 5 आठवडे झाले. 2 गोल्डफिश, 6 गप्पी. सोसायटीचं बोअरचं पाणी. दिवा सकाळी लावतो, झोपताना बंद. औषधाचं नाव कोणी सांगेल का?

बेसॉल्ट
बोअर! मग विषय संपला. डायटमचं कवच सिलिकाचं, आणि आपल्याकडच्या काळ्या पाषाणात निम्म्याच्या आसपास सिलिका. तो विरघळून बोअरमध्ये येतो. टीडीएस मीटरवर (पाण्यातले विरघळलेले क्षार विजेच्या वहनावरून मोजणारा) शोधू नका, विरघळलेल्या सिलिकावर विद्युतभार जवळजवळ नसतो, त्यामुळे मीटरला तो कळत नाही. निम्मं आरओ, निम्मं बोअर असं मिसळून भरा. निव्वळ आरओ नको, पीएच घसरेल.

वैतागलेला_पुणेकर
मग पांढरी वाळूही बदलू?

बेसॉल्ट
नको. ती क्वार्ट्झ, विरघळते नावापुरती.

पाणकोंबडी
बेसॉल्ट, पाणी बरोबर, पण निदान अर्धवट. नव्या टँकमध्ये डायटम बहुतेक येतातच आणि टँक बसला, म्हणजे त्यातले उपयोगी जिवाणू स्थिरावले, की आपोआप ओसरतात. इथे टँक बसतच नाहीये. पुणेकर, फिल्टरचा स्पंज कसा धुता?

वैतागलेला_पुणेकर
दर रविवारी नळाखाली, पांढरा होईपर्यंत. स्वयंपाकघरातल्या नळाला कॉर्पोरेशनचं पाणी येतं.

अळूवडी
अरे देवा.

पाणकोंबडी
स्पंजमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. क्लोरीनच्या पाण्यात पिळून तुम्ही ते दर आठवड्याला धुऊन काढताय. अमोनिया, नायट्राइट तपासून सांगा.

वास्तुप्रेमी
टँक ईशान्येला आहे ना?

वैतागलेला_पुणेकर
अमोनिया 0.5, नायट्राइट 1, पीएच 8. दुकानदार म्हणाला नॉर्मल आहे.

पाणकोंबडी
नॉर्मल नाही. पीएच 8 ला अमोनिया जास्त विषारी. शेवाळ राहू दे, आधी मासे वाचवा. आज निम्मं पाणी बदला, मग आकडे शून्यावर येईपर्यंत रोज पाव. कॉर्पोरेशनचं असेल तर अँटीक्लोरीन घालूनच. स्पंज महिन्याने, तोही काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोनदा दाबायचा, पांढरा करायचा नाही. खाणं दिवसाआड, 2 मिनिटांत संपेल एवढंच. दिवा 6 तास. गोल्डफिश मात्र या टँकला मोठे, त्यांची सोय बघा.

आणि खडेमीठ, तुमचं मीठ चालेल, पण शेवाळासाठी नाही. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. लिटरला 1 ग्रॅम. टँकमध्ये पाणी साधारण 45 लिटर धरा, म्हणजे 45 ग्रॅम, मगात विरघळवून थोडं थोडं.

खडेमीठ
मी तेच म्हणत होतो.

बेसॉल्ट
अजिबात नाही म्हणत होतात.

वैतागलेला_पुणेकर
म्हणजे काच घासू की नको?

पाणकोंबडी
घासा, पण टँक रिकामा न करता. आधी काच पुसा, 10 मिनिटं थांबा, मग पाणी बदलताना खाली बसलेला थर सायफनने ओढून घ्या. उलट क्रमाने केलंत तर सगळं पाण्यातच राहतं.

सकरवाला
एक तरी सकर?

अळूवडी
नाही!