मोडी कागद लॅमिनेट करू नका

गावच्या संग्रहालयातले मोडी कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावावेत, अशी सूचना कुणी केली असेल, तर ती कृपया अमलात आणू नका. उष्णतेने प्लास्टिक कागदाच्या तंतूंना चिकटतं, नंतर कागद फाडल्याशिवाय सहसा सुटत नाही. आतलं आम्लही कोंडून राहतं नि कागद ठिसूळ होत जातो. फाटक्या जागी जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ, मजबूत कागद) नि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावा, गरज पडल्यास ती ओलसर करून काढता येते. आधी एखाद्या अक्षराच्या कडेला ओलसर कापूस टेकवून पाहा, काजळीची शाई फुटू शकते. प्रदर्शनात मूळ कागदाऐवजी रंगीत प्रत ठेवा.

दाखल क्रमांक (संग्रहालयात आलेल्या वस्तूला रजिस्टरात दिलेला क्रमांक) कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने कधीच नाही. रजिस्टरात वस्तू कायमची दिली की उसनी, हे लिहा आणि वस्तू देणाऱ्याची सही घ्याच. स्वयंसेवक बदलतात, पुढची पिढी वस्तू परत मागायला येते आणि वाद तिथेच होतात.