कस्टम रोड बाइकसाठी ग्रुपसेट निवडण्यास मदत हवी आहे

मापानुसार बनवून घेत असलेल्या स्टीलच्या फ्रेमचे काम सुरू होण्यापूर्वी मला ग्रुपसेट (गिअर आणि ब्रेकच्या भागांचा जुळणारा संच) निश्चित करायचा आहे. कारण वायर आणि ब्रेकचे होज (ब्रेकचे तेल वाहणाऱ्या नळ्या) कुठून न्यायचे, यानुसार फ्रेमच्या नळ्यांना छिद्रे पाडली जाणार आहेत. शिमानो १०५ चा मागे १२ गिअर असलेला, केबलवर चालणारा संच, त्याचाच डीआयटू (बॅटरीवर गिअर बदलणारा) संच आणि स्रॅम रायव्हल एएक्सएस (बॅटरीवर, वायरशिवाय गिअर बदलणारा) हे तीन पर्याय माझ्यासमोर आहेत.

माझा बहुतेक प्रवास लांब चढांचा असल्याने सर्वांत हलका गिअर माझ्यासाठी निर्णायक आहे. शिमानोमध्ये पुढे ३४ आणि मागे ३६ दातांची जोडी मिळते, तर स्रॅममध्ये ३३ आणि ३६ ची. म्हणजे गुणोत्तर (जितके कमी, तितका गिअर हलका) अनुक्रमे ०.९४ आणि ०.९२. हा फरक मला किरकोळ वाटतो. खरा प्रश्न देखभालीचा आहे. डीआयटूची एकच बॅटरी सीटपोस्टमध्ये (सीटखालच्या नळीत) असते आणि तिथून पुढच्या व मागच्या डिरेल्युअरपर्यंत (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागांपर्यंत) वायर जाते. स्रॅममध्ये प्रत्येक डिरेल्युअरची बॅटरी वेगळी आणि सहज काढता येणारी असते. शिवाय शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल, तर रायव्हलमध्ये डॉट फ्लुइड (एक प्रकारचे ब्रेक द्रव) लागते, जे ओलावा शोषते आणि रंगावर सांडल्यास रंग खराब करते.

अनेक दिवसांच्या प्रवासात यांपैकी कोणता संच आपण वापरला आहे, आणि वाटेत बिघाड झाल्यावर केबलचा संच खरोखरच सोपा पडतो का, हे कृपया अनुभवासह सांगावे.