ताईचं ऑपरेशन: केमोनंतर गाठ दिसत नाहीये, तरी लम्पेक्टमी (फक्त गाठीचा भाग काढणं) की मास्टेक्टमी (पूर्ण स्तन काढणं)?

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. ताईला (वय ४६) ब्रेस्ट कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला), गाठ ४ सेंमीची आणि काखेतली एक लिम्फ नोड (लसिकाग्रंथी)पण बायोप्सीत पॉझिटिव्ह आलेली. म्हणून आधी केमो दिली, सोबत ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही हर-टूवर नेम धरणारी औषधं, आणि आता एमआरआयमध्ये गाठ दिसतच नाहीये. ताईचा पहिला प्रश्न, मग कापायचं कशाला? डॉक्टर म्हणाले स्कॅनवर दिसत नाही म्हणजे पेशी उरल्याच नाहीत असं नसतं, काढलेला भाग पॅथॉलॉजीत तपासल्यावरच कळतं, आणि काही उरलं असेल तर पुढचं औषधही बदलतं. हे पटलं.

घोडं अडलंय ते पुढे. सर्जन म्हणतात लम्पेक्टमी होईल, केमोआधी गाठीत खुणेची बारकी क्लिप ठेवलीये तिच्या आसपासचं काढायचं, आधीचे सगळे ४ सेंमी काढायची गरज नाही, नंतर रेडिएशन मात्र घ्यायचंच. रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने गोल काढून दाखवला त्यांनी. ताई म्हणते एकदाचं सगळं काढा, डोक्याला ताप नको. एनएसएबीपी बी-०६ या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये २० वर्षांनंतरही जगण्याचं प्रमाण लम्पेक्टमी आणि मास्टेक्टमी दोन्हीकडे सारखंच निघालं होतं, पण त्या बायकांचं ऑपरेशन आधी झालेलं, मग ते ताईला कितपत लागू? आणि नोड पॉझिटिव्ह होती म्हटल्यावर मास्टेक्टमी करूनही रेडिएशन लागू शकतं, हे सांगितलं तर गप्प बसली.

खरी काळजी मला काखेची वाटते. सगळ्या नोड काढल्या तर हात सुजायची भीती, आणि ती दिवसभर शिलाई मशीनवर असते. केमोनंतर नुसती सेंटिनल नोड बायोप्सी (गाठीकडचा द्रव सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या मोजक्याच नोड काढून तपासणं) कोणाची झालीये का? पॉझिटिव्ह नोडमध्येही क्लिप ठेवलीये का हे विचारायचं राहिलंय.

प्रतिसाद: ते आधी विचाराच. क्लिप असेल तर ती नोड आणि सेंटिनल नोड मिळून काढतात, निदान तीन तरी तपासायला मिळाल्या तर निकालावर जास्त भरवसा ठेवता येतो. त्यात कॅन्सर सापडला तर मात्र सहसा बाकीच्या काढाव्या लागतात. अजून एक, मॅमोग्राममध्ये कॅल्शियमचे ठिपके होते का? ते केमोने जात नाहीत, लांबवर पसरलेले असतील तर लम्पेक्टमी अवघड होते. आणि बीआरसीए टेस्ट (ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष आहे का ते बघणारी) झाली नसेल तर ऑपरेशन ठरवायच्या आधी करून घ्या, ती पॉझिटिव्ह आली तर ताईचं म्हणणं वेगळ्या कारणाने बरोबर ठरू शकतं. फार लांबवू नका पण, शेवटच्या केमोनंतर आठ आठवड्यांच्या आत ऑपरेशन व्हावं असं बघतात.