तिखट ताटाबरोबर आयपीए: खरंच जमतं का?

फेसाळ (धागाकर्ता)

पुण्या-मुंबईच्या टॅपरूममध्ये हल्ली मटण सुक्क्याशेजारी सात टक्के अल्कोहोलची आयपीए (इंडिया पेल एल, ही हॉप्सवाली कडवट बिअर) ठेवून "काय जोडी जमलीय" म्हणायची टूम निघाली आहे. माझं मत उलटं आहे. तिखट ताटाबरोबर कडू नको आणि कडकही नको.

मिरचीचा जाळ कॅप्सेसिनचा. ते तेलात विरघळतं, चांगल्या कडक दारूत विरघळतं, पाण्यात जवळपास नाहीच. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे पाच-सहा टक्के अल्कोहोलने जिभेवरचं तिखट धुऊन निघत नाही. वर जिभेवरची टीआरपीव्ही१ ही उष्णता ओळखणारी ग्राही (रिसेप्टर), जी मिरचीने पेटते, तिलाच अल्कोहोलही डिवचतं. एरवी ती ४२ अंशांच्या आसपास "भाजलं" म्हणते; अल्कोहोल असलं की ती पातळी ३४ अंशांवर येते, म्हणजे अंगाच्या नेहमीच्या उष्णतेच्याही खाली. त्यात बुडबुड्यांची चरचर आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा. मसाल्यातली धने-तीळ-खोबऱ्याची चव कुठे गेली ते कळतसुद्धा नाही.

मग काय प्यावं? गव्हाची. जर्मन हेफेवायझनचा आयबीयू, म्हणजे कडवटपणाचं माप, ८ ते १५ असतो. अमेरिकन आयपीएचा ४० ते ७०. हेफेवायझनमध्ये निम्मा किंवा त्याहून जास्त माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचा असतो, त्यामुळे घोट जरा भरीव लागतो. केळं आणि लवंगेचा वास यीस्टमधून येतो, वरून काही घातलेलं नसतं. बेल्जियन विटबिअरमध्ये (तीही गव्हाचीच) तर धने आणि संत्र्याची साल घालतातच. ही बिअर जवळजवळ बंद पडली होती. १९६६ मध्ये होखार्डन गावात पिएर सेलिसने ती पुन्हा सुरू केली. धने आपल्या मसाल्यात, धने तिच्यात, मग भांडण कशाला?

हॉपवाला

असहमत. तुम्ही फक्त जाळाचा हिशेब मांडला, तेलाचा राहिला. तळलेली सुरमई, कोथिंबीर वडी, बटाटेवडा, चिकन लॉलीपॉप यांच्यानंतर तोंडात तेलाचा थर बसतो. तो मोडायला कडवटपणा आणि बुडबुडे दोन्ही लागतात. हेफेवायझन तिथे गोडसर आणि मऊ पडते, तिसऱ्या वड्यानंतर कंटाळा येतो.

दुसरं, सगळ्या आयपीए एका माळेचे मणी नाहीत. सेशन आयपीए चार-पाच टक्क्यांतच असते. गढूळ, म्हणजे हेझी आयपीएमध्ये हॉप्स बहुतेक उकळी संपल्यावर आणि आंबवताना टाकतात. हॉप्समधली आल्फा आम्लं उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे न आंबवलेल्या माल्टच्या गोड पाण्यात, तासभर राहिली की खरा कडवटपणा उतरतो. उशिरा टाकले तर वास जास्त, कडू कमी. आणि हॉप्समधला लिनालूल हा वास धन्यांमध्येही असतो, मुख्य वासच तो. म्हणजे तुमचा धन्यांचा मुद्दा माझ्याही बाजूने लागतो.

लोकांना आयपीए आवडत नाही याचं निम्मं कारण शिळेपणा आहे. हॉप्सचा वास उष्णतेत लवकर उडतो. एप्रिल-मेमध्ये दुकानाच्या मागच्या खोलीत ३५ अंशांत पडलेली बाटली घेतलीत तर कडू तेवढं उरतं, वास जातो, वर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. तळाची तारीख बघा. तीन महिन्यांपेक्षा जुनी आणि फ्रिजबाहेर ठेवलेली आयपीए घेऊच नये. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीवर ऊन लागलं तर आणखी वाईट, हॉप्स प्रकाशाने बिघडून उग्र घाण वास येतो. तपकिरी बाटली किंवा कॅन बरा.

तर्रीबाज

दोघंही मिरचीभोवती फिरताय. जोडी जमते ती वाटणाशी.

तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुकं ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. पांढऱ्यात मटणाचं सूप, नारळाचं दूध, काजू, खसखस. दुधातली चरबी तिखट आवरते, तिथे पिल्सनर ही फिकट, स्वच्छ कडू बिअर (आयबीयू २२ ते ४०) छान लागते, जडपणा कापते. तांबड्यावर तेलाचा तवंग असतो आणि तिखट त्या तवंगातच बसलेलं असतं. तिथे कुठलीच बिअर उपयोगाची नाही, गव्हाचीही नाही. दह्यातली कांद्याची कोशिंबीर, भाकरीचा तुकडा, मग घोट. मिसळीच्या तर्रीलाही हेच.

सुकं मटण मात्र वेगळं. कांदा तपकिरी होईपर्यंत, सुकं खोबरं बदामी होईपर्यंत भाजलेलं. भट्टीत भाजलेल्या माल्टमध्येही तोच खमंगपणा असतो. म्हणून म्युनिक डुंकेल ही गडद तपकिरी जर्मन बिअर: साडेचार ते साडेपाच टक्के, आयबीयू १८ ते २८, पावाच्या कडेसारखी चव, कडू नाही. मायक्रोब्रुअरीत फळ्यावर कधीमधी दिसते, दिसली की सोडू नका. स्टाउट ही भाजक्या माल्टची काळी बिअर चालते, पण खोबरं जास्त भाजलं गेलं असेल तर दोन्हीचा जळका कडूपणा एकावर एक चढतो. वाटण करपलं असेल तर बिअरला दोष देऊ नका.

नवखा

सगळं मान्य. पण आमच्या तालुक्याच्या बिअर शॉपीत दोनच प्रकार: माइल्ड आणि स्ट्राँग. काय घ्यावं?

थंडगार

माइल्ड, आणि ३३० मिलीची. ६५० ची एकट्याने घेतली की शेवटचा तिसरा भाग कोमट होतो, आणि कोमट लेगर (नेहमीची पिवळी बिअर) म्हणजे उसळीचं पाणी. स्ट्राँग आठ टक्क्यांपर्यंत जाते. साखरेची किंवा तांदळाची भर घालून ताकद वाढवलेली असली की अंग पातळ राहतं आणि घशात अल्कोहोल चटकतं. तिखटाबरोबर ती सगळ्यात वाईट. या एका मुद्द्यावर धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत.

प्रकारापेक्षा तापमान जास्त महत्त्वाचं, हे इथे कुणी बोललंच नाही. साधी लेगर ४ ते ६ अंश, गव्हाची ६ ते ८, स्टाउट १० ते १२. बाटली फ्रीजरमध्ये विसरू नका: पाच टक्क्यांची बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठू लागते, बाटली तडकते. घाई असेल तर पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. ३३० मिली १५ मिनिटांत गार. नुसत्या बर्फात खुपसली तर वेळ लागतो, कारण बर्फ काचेला सगळीकडे टेकत नाही. ग्लास फ्रीजरमधून काढून दवाचा पांढरा थर आलेला वापरू नये; ते दव वितळून बिअरमध्ये उतरतं आणि ओतताना फेस अंगावर येतो.

कोकमआगळ

रश्श्याबरोबर बिअर हा हट्टच मुळात कशाला? मालवणी ताटात सोलकढी आहे, तिचं काम नारळाच्या दुधातली चरबी करते, आणि ते बिअरला जमणार नाही. बिअर जेवणाआधी, कोरड्या तळणाबरोबर. खारे शेंगदाणे, मसाला पापड, चकली, तळलेले बोंबील.

बोंबील बिअरच्या पिठात घोळवून बघा. सहा ताजे बोंबील साफ करून पोटातून चिरायचे, मधला काटा काढायचा, मीठ-हळद लावून दोन ताटांमध्ये दाबून वर पाट्याचं वजन अर्धा तास. पाणी नीट निघालं नाही तर पीठ सुटून येतं, सगळी गडबड इथेच होते. अर्धी वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी बेसन, चमचाभर मिरचीपूड, थोडी आलं-लसूण पेस्ट. थंडगार माइल्ड लेगर सगळ्यात शेवटी, साधारण सव्वाशे मिली, पण अंदाजाने: पीठ चमच्याच्या पाठीला पातळ चिकटलं की थांबायचं. दोन-तीनदाच ढवळायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. तेल १७५ अंश. पिठाचा थेंब टाकताच लगेच वर आला पाहिजे. पीठ वीस मिनिटं ठेवलंत तर बुडबुडे जातात आणि नुसती बेसनभजी होते.

हॉपवाला

बोंबलाला रवा-तांदळाचं पीठच. पिठाचं पांघरूण घातलं की आतला ओलावा अडतो आणि पाच मिनिटांत नरम. तुमची पद्धत कोलिमला (बारीक जवळ्याला) नाही, बांगड्याला नाही, फार तर कांद्याच्या चकत्यांना.

आणि सोलकढी पिऊन त्याच तोंडाने बिअर प्यायलात तर ओठांवरच्या चरबीने बिअरचा फेस मरतो. तेलकट बोटांनी ग्लासच्या कडेला हात लावला तरी तेच. ग्लास ओला करून आत मीठ भुरभुरून बघा: मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ, ठिपके मोकळे राहिले तर तेल आहे. भांडी धुवायच्या तेलकट स्पंजने बिअरचा ग्लास घासू नका, वेगळा ठेवा.

कोकमआगळ

बोंबील लगेच खायचा असतो, पाच मिनिटं ठेवतंय कोण? रव्याचा बोंबीलही ताटात झाकून ठेवला की मऊच पडतो. कोलिमचं सोडा, तिची भजी कुणी म्हटलीच नाहीत.

फेसाळ

हॉपवाला, तळणाबरोबर सेशन आयपीए मला चालेल, ती चार-पाच टक्क्यांचीच आहे. माझा आक्षेप रश्श्याला होता आणि तो कायम आहे. तर्रीबाज यांच्या डुंकेलला माझा विरोध नाही, पण फळ्यावर ती नसेल आणि हेफेवायझन असेल तर सुक्क्याबरोबर तीच घ्या. ओतताना ग्लास तिरका, पाऊण भरला की थांबा, बाटलीत उरलेली दोन बोटं गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा आणि वर ओता. ते तळातच राहू दिलंत तर अर्धी चव बाटलीबरोबर भंगारात जाते.

तर्रीबाज

पिल्सनरच्या बाटलीला हे करू नका हां कुणी.