ओसीडी असलेल्या पोरांच्या ताटात औषध शोधणाऱ्यांसाठी

फोंड्याची बाई
परवा इथे कोणीतरी टाकलेली पोस्ट बहुतेकांनी वाचलीच असेल. मुलांचा ओसीडी, म्हणजे नको ते विचार डोक्यातून जात नाहीत आणि तीच कृती परत परत करावीशी वाटते तो आजार, पोटातून येतो, साखर मैदा आणि दूध तीन महिने बंद करा, गोळ्या नि काउन्सेलिंगवर पैसे घालवू नका, असं तिच्यात होतं आणि खाली लोक हात जोडून आभार मानत होते. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढते.

मी हायस्कूलात शिकवते. शंभरात एक-दोन मुलांना हा त्रास असतो, म्हणजे आमच्यासारख्या शाळेत प्रत्येक इयत्तेत एखादं तरी पोर असणारच. आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा रुमालाने धरून उघडायचा, पाव मधोमध फाडायचा आणि आतला मऊ भाग तेवढा खायचा, कारण वरच्या कवचाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा हात लागलेला. आईने असलाच एक लेख वाचून पाव बंद केला, मग बिस्किटं, मग दूध. मुलगा खूश! त्याला जे टाळायचं होतं ते आता घरच टाळून देत होतं. थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याने वाढलेलं काहीच खाईना. आधीच नियमांनी जखडलेल्या पोराच्या हातात तुम्ही नियमांची नवी यादी देता, दुसरं काय होणार?

आणि उपाय नाहीत असंही नाही ना. २००४ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. थेरपी आणि सर्ट्रालीन नावाची ओसीडीवरची गोळी दोन्ही मिळालेल्यांत निम्म्याहून जास्त मुलं जवळजवळ लक्षणमुक्त झाली, नुसत्या थेरपीत ३९ टक्के, नुसत्या गोळीत २१, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीवर चारसुद्धा नाहीत. आहाराने ओसीडी गेला असं दाखवणारा या तोडीचा एक तरी अभ्यास पोस्टवाल्याने दाखवावा.

डिचोलीकार
बाई, तुम्ही वर्गात पाहता, आम्ही घरात भोगतो. माझी मुलगी तेरा वर्षांची, हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. अपॉइंटमेंट मिळायला वेळ होता तेव्हा काय हातावर हात ठेवून बसायचं होतं? कोल्ड्रिंक बंद केलं, वेफर्स बंद, रात्री अकराला नूडल्स खायची ते बंद, सकाळी तिजाण (नाचणीची पेज), जेवणं वेळेवर. रक्त तपासलं तर बी-१२ कमी निघालं, ते सुरू केलं. महिन्याभरात पोर झोपायला लागली आणि बाथरूममधला वेळ कमी झाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मन शांत ठेवणारं म्हणतात ते सेरोटोनिन, शरीरातलं त्यातलं ९० टक्के आतड्यात तयार होतं हे तुम्हाला माहीत असेलच, मग पोटाचा काही संबंध नाही असं कसं म्हणता? २००७ चा इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास पण वाचा, खाण्यातल्या कृत्रिम रंगांनी मुलांचं वागणं बदलतं हे त्यात आहे.

फोंड्याची बाई
साउथॅम्प्टनचा अभ्यास चंचलपणावर होता, ओसीडीवर नाही. आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही, मधे अडसर आहे, मेंदू आपलं स्वतःचं बनवतो. बी-१२ कमी होतं तर दिलंत हे उत्तमच, ओसीडी नसता तरी द्यायलाच हवं होतं. आणि पोर झोपायला लागली म्हणून सावरली हेही मी मान्य करते. झोप बिघडली की लक्षणं चढतात, शिवाय हा आजार आपोआपही कमी-जास्त होत राहतो. पण यातून कोल्ड्रिंकमुळे ओसीडी झाला होता असं निघत नाही हो.

पेडण्याचे आजोबा
आमच्या लहानपणी हे आजार नव्हते. उकड्या तांदळाची पेज, वर खारं नुस्तं, म्हणजे खारवलेली मासळी, आणि दिवसभर उन्हात. आता पोदेरसुद्धा पावात काय काय घालतो देव जाणे आणि मासळीत तर फॉर्मेलिन. मेलेली माणसं टिकवायचं औषध पोरांच्या पोटात घालता आणि वर विचारता डोकं का बिघडलं! २०१८ चा जुलै विसरलात काय सगळे?

वास्कोकार
आजोबा, वयाचा मान ठेवून सांगतो, हे फॉर्मेलिन प्रकरण परत परत उकरून काढू नका. आमचं घर तीन पिढ्या मासळीवर चालतं. २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात जी मासळी तपासली ती परराज्यातून ट्रकने आलेली होती. जून-जुलै ६१ दिवस आपल्याकडे ट्रॉलर बंद, म्हणून पूर्वेच्या किनाऱ्याची मासळी येते, त्यांची बंदी जूनच्या मध्याला उठते. आणि फटका कोणाला बसला? टोपली घेऊन दारात येणाऱ्या बायकांना, ज्यांच्याकडे आपल्याच खाडीची मासळी होती. ती सडली त्यांच्या टोपलीत.

पेडण्याचे आजोबा
मग सकाळी मासळीत सापडलं म्हणणारी सरकारी माणसं संध्याकाळपर्यंत मर्यादेत आहे असं का म्हणाली? फॉर्मेलिन घालायला परवानगीच नाही तर मर्यादा कसली? याचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. मी पावसाळ्यात ताजी मासळी घेणं तेव्हापासून सोडलं ते सोडलंच, पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या खाऱ्या मासळीवर भागवतो.

वास्कोकार
फॉर्मेलिन ज्याचं बनतं ते फॉर्माल्डिहाइड मासळीत थोडं आपसूक तयार होतं, म्हणून नुसती तपासणीची पट्टी बुडवून सगळं कळत नाही, किती आहे ते लॅबमध्ये मोजावं लागतं. सरकारने घोळ घातला हे खरं, तुम्ही म्हणता तो प्रश्न पण बरोबर आहे, तो मी नाकारत नाही. पण त्यावरून गोव्यातल्या प्रत्येक कोळणीला विष विकणारी ठरवू नका. आणि मुलांच्या आजाराशी त्याचा संबंध जोडायचा असेल तर पुरावा आणा, नाहीतर बोलू नका. रागाने लिहितोय, हो, रागानेच लिहितोय.

डिचोलीकार
धागा ओसीडीचा आहे, तुमचा बाजार दुसरीकडे मांडा दोघांनी.

पेडण्याचे आजोबा
पोरांच्या पोटात काय जातं हाच विषय आहे ना? मग मी वेगळं काय बोललो?

निशिगंध
मी इथे कधी लिहीत नाही पण आता लिहिते, कारण तुमचं हे भांडण २०१८ मध्ये माझ्या डोक्यात रोज चालायचं. मी नववीत होते. हात धुणं त्याआधीपासून होतंच, फॉर्मेलिनच्या बातम्यांनी त्याला विषय मिळाला. बांगड्याचा तुकडा उलटा करायचा, वास घ्यायचा, आईला विचारायचं यात नाही ना, ती म्हणायची नाही गो, मग दोन घास, परत तोच प्रश्न. आई बिचारी कालवण ढवळता ढवळता उत्तरं द्यायची. शेवटी घरात मासळी शिजणं बंद झालं, तेव्हा माझा संशय अंड्यावर गेला, मग दुधाच्या पिशवीवर. विषय बदलत गेला, भीती तीच राहिली. आणि आजोबा, आमच्या घरी रोज सकाळी उकड्या तांदळाची पेजच असायची.

मला बरं केलं ते ईआरपीने, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही त्या थेरपीने, आणि सोबत गोळीने. थेरपिस्टने आधी आईला शिकवलं की उत्तर द्यायचं नाही. एकदाच सांगायचं, हा तुझा ओसीडी विचारतोय, मी त्याला उत्तर देणार नाही. मी थयथयाट केला, ताट सरकवलं, आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग पायऱ्या ठरल्या. पहिल्यांदा मासळी नुसती टेबलावर, मग कालवणाचा रस भातावर, मग तुकडा, वास न घेता आणि न विचारता. पोटात गोळा यायचा, पण बसून राहिलं की तो हळूहळू उतरायचा. त्या पोस्टवाल्याचं ऐकून माझ्या आईने ताटातलं आणखी काही काढलं असतं तर मी काय खाऊन जगले असते?

औषधवाला
फार्मसीत काम करतो, एक कामाची गोष्ट. ओसीडीवरचं फ्लुवोक्सामीन हे औषध चालू असलेल्या मुलांना कॅफीन जपून द्या. ते औषध कॅफीन पचवणारं यकृतातलं एन्झाइम अडवतं, म्हणून कॉफी किंवा एनर्जी ड्रिंकचा असर कितीतरी जास्त तास राहतो. दहावी-बारावीची पोरं परीक्षेच्या वेळी रात्री ढोसतात, मग धडधड, झोप नाही, आणि घरचे म्हणतात गोळी लागू पडत नाही. ग्रेपफ्रूटचा रस सर्ट्रालीनबरोबर नको. आणि ओमेगा-३ च्या कॅप्सूल ओसीडीसाठी मागायला येणाऱ्यांना सांगतो, २००४ मध्ये मोठ्या माणसांवर छोटा प्रयोग झाला होता, औषधाच्या जोडीला ईपीए (ओमेगा-३ चाच एक प्रकार) देऊन, खोट्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही. बांगडा खा, स्वस्त आणि चविष्ट आहे, पण औषध म्हणून नको.

डिचोलीकार
म्हणजे कोल्ड्रिंक बंद केल्याने फायदा होऊ शकतो हे तरी तुम्ही मान्य करताय. चला, एवढं तरी.
निशिगंध, तुझं वाचून मात्र थांबलो. आमची मुलगी पण विचारते, पपा यात मैदा आहे काय, यात साखर आहे काय. मी आजवर याला शहाणपणा समजत होतो.

फोंड्याची बाई
दादा, किती वेळा विचारते आणि उत्तर मिळाल्यावर थांबते की परत विचारते, तेवढं बघा. परत परत विचारत असेल, पाकिटाच्या मागची यादी वाचल्याशिवाय घास जात नसेल, किंवा वजन उतरत असेल, तर थांबू नका. ओसीडीतून खाणं तुटायला लागलं की वाढत्या वयात फार लवकर हाताबाहेर जातं.

डिचोलीकार
वजन उतरलंय थोडं. आम्हाला वाटलं जंक बंद केलं म्हणून. आम्ही जिथे जायचो तिथल्या मॅडम नुसत्या गप्पा मारतात आणि श्वासाचे व्यायाम देतात, हे पायऱ्यांचं वगैरे कधी झालंच नाही. ईआरपी कोण करतं गोव्यात?

निशिगंध
बांबोळीला आयपीएचबीच्या, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन विचारा, किंवा आधी टेली मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. कुठेही गेलात तरी पहिल्याच भेटीत सरळ विचारायचं, तुम्ही मुलांबरोबर ईआरपी करता का, आणि त्यात आईबापांना काय करायला सांगता. नीट उत्तर आलं नाही तर दुसरीकडे जायचं. उतरलेलं वजन सांगायला विसरू नका, आधी तेच सांगा.

पेडण्याचे आजोबा
पोरी, तुझ्या आईने उत्तर देणं बंद केलं ते मला निर्दयपणाचं वाटलं होतं वाचताना. तू म्हणतेस बरी झालीस तर असेल तसं. मासळीबद्दलचं माझं मत मी बदलणार नाही.

वास्कोकार
नका बदलू. पण ऑगस्टमध्ये आपल्या होड्या सुटल्या की वास्कोला या, जेटीवर तुमच्यासमोर टोपली उतरवून दाखवतो.

डिचोलीकार
सोमवारी जातोय बांबोळीला. कोल्ड्रिंक घरात परत आणणार नाही, ते मात्र सांगून ठेवतो.

फोंड्याची बाई
आणा असं कोणी म्हटलंच नाही. फक्त कुणाच्या वाढदिवसाला तिने अर्धा ग्लास घेतला तर घेऊ द्या, आणि त्यात काय आहे हे तिने विचारलं तर उत्तर देऊ नका.