क्ष-किरण लेसरने अणुकेंद्रकांवर नियंत्रण: अडचण नेमकी कुठे आहे?

प्रश्न
हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेसरसारख्या यंत्रातील क्ष-किरणांचा स्पंद एका मायक्रोमीटरहून लहान ठिपक्यावर एकवटता येतो. एवढी तीव्रता हाताशी असताना अणुकेंद्रके हवी तशी उत्तेजित करणे, किंवा त्यांत साठलेली ऊर्जा हवी तेव्हा मोकळी करणे अजून का साधलेले नाही?

प्रतिसाद 1
तीव्रतेपेक्षा ऊर्जेच्या अचूकतेची अडचण मोठी आहे. लोह-57 चे केंद्रक 14.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचे एकक) उत्तेजित होते, पण त्याला चालणारा ऊर्जेचा पट्टा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वीस कोटीव्या भागाइतका, म्हणजे कमालीचा अरुंद असतो. लेसरचा स्पंद मात्र साधारणतः काही इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद असल्यामुळे त्यातले बहुतेक सर्व फोटॉन केंद्रकाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात. ठिपका लहान केला की प्रत्येक केंद्रकाच्या वाट्याचे फोटॉन वाढतात हे खरे. परंतु निरुपयोगी फोटॉनही तिथेच एकवटतात, इलेक्ट्रॉन ते शोषून घेतात आणि नमुना तापतो. तरीही 2018 मध्ये जपानच्या साक्ला लेसरवर एकाच स्पंदातील 68 पर्यंत फोटॉनांनी लोह-57 ची केंद्रके एकत्रितपणे उत्तेजित केल्याचे प्रसिद्ध झाले, आणि मला ही फार मोठी मजल वाटते.

प्रतिसाद 2
नियंत्रण म्हणजे केवळ जोर नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. फ्रान्समधील ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवरील (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावरील) 2021 च्या प्रयोगात स्पंद लोह-57 च्या पहिल्या नमुन्यातून पुढे जाताच तो नमुना अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे सुमारे 0.43 अँगस्ट्रॉमने (अणूच्या व्यासाहूनही कमी!) सरकवला गेला. त्यामुळे नमुन्यातून मागाहून येणाऱ्या किरणांची कला (तरंगाच्या चढउताराचा टप्पा) बदलली, आणि दुसऱ्या नमुन्यातील केंद्रके आणखी उत्तेजित व्हावीत की त्यांनी ऊर्जा परत द्यावी, हे ठरवता आले.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग हाफ्नियम-178 मधील ऊर्जा क्ष-किरणांनी मोकळी केल्याचा दावा?

प्रतिसाद 1
या केंद्रकाची ऊर्जा साठवून ठेवणारी दीर्घजीवी अवस्था 31 वर्षांच्या अर्धायुष्याची असून तीत सुमारे 2.4 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, म्हणूनच 1999 च्या त्या दाव्याने खळबळ उडाली. मात्र अमेरिकेतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत कितीतरी अधिक प्रखर क्ष-किरण वापरूनही तो परिणाम आढळला नाही. आज अधिक आशा स्कँडियम-45 कडून आहे: 2023 मध्ये युरोपियन एक्सएफईएलवर त्याचे 12.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे संक्रमण (एका ऊर्जापातळीतून दुसरीत जाणे) उत्तेजित करण्यात आले. त्या अवस्थेचे आयुष्य जवळजवळ अर्धा सेकंद असल्याने तिचा पट्टा लोहापेक्षाही लाखो पटींनी अरुंद आहे, आणि केंद्रकाच्या अशा संक्रमणावर वेळ मोजणाऱ्या केंद्रकीय घड्याळासाठी तोच गुण हवा असतो.