गडद त्वचेचं पोर्ट्रेट राखाडी का येतं? (प्रदर्शनासाठी, छपाईसकट)

आडवी_फ्रेम:
कॉलेजच्या फोटोग्राफी मंडळाचं प्रदर्शन आहे, विषय 'पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थिनी'. सहा पोर्ट्रेट, १२ x १८ इंची प्रिंट. चाचणी फोटोंत सुदान आणि युगांडाच्या दोघींचे चेहरे राखेसारखे आलेत आणि केस काळ्या पडद्यात विरघळलेत. पांढरा पडदा लावला तर चेहऱ्याची नुसती सावली उरते. एडिटिंगवाला म्हणतो "चेहरा उजळ करून देतो". त्याने केला की मुलगी ओळखू येत नाही. साधनं: क्रॉप सेन्सर कॅमेरा, ५० मिमी लेन्स, एक फ्लॅश, एक छत्री. कॅप्शनमध्ये रंगासाठी कोणता शब्द वापरावा यावरही वाद चालू आहे.

ग्रे_कार्ड:
गफलत मीटरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाची) आहे, नुसता पडदा बदलून भागणार नाही. मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. पांढरा पडदा दिसला की एक्स्पोजर (फोटोत नोंदला जाणारा उजेड) खाली ओढतो, चेहरा बुडतो. काळा पडदा आणि गडद चेहरा एकत्र दिसला की वर ढकलतो, मग त्वचा धुतल्यासारखी फिकी पडते.

मॅन्युअल मोड लावा. आयएसओ १००, शटर १/१२५, एफ ५.६, फ्लॅश १/४ ताकदीवर, ही सुरुवात. छत्री खाली सांगितलेल्या जागी ठेवून झाली की मुलीच्या हनुवटीजवळ ग्रे कार्ड (मध्यम करड्या रंगाचा पुठ्ठा) धरून एक फोटो काढा. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेड-अंधाराचा आलेख) कार्डाचा सुळका मधोमध येईपर्यंत फ्लॅश कमी-जास्त करा आणि मग पुन्हा हात लावू नका. व्हाइट बॅलन्सही (उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याची सेटिंग) त्याच फोटोवरून घ्या. ऑटोवर सोडलात तर त्वचेतला तांबूसपणा कॅमेरा 'दुरुस्त' करून टाकतो. राखाडीचं अर्धं कारण तिथेच असतं.

आता प्रकाश. गोऱ्या चेहऱ्याला आकार देते सावली, गडद चेहऱ्याला देते चमक. छत्री आठ फुटांवर ठेवली की कपाळावर आणि नाकावर बारके पांढरे ठिपके पडतात, बाकी चेहरा सपाट. ती अडीच-तीन फुटांवर आणा, ४५ अंशांत, डोळ्यांपेक्षा थोडी वर. चमक पसरून गालाच्या हाडावरून वाहते. दुसऱ्या बाजूला ३ x ४ फुटी पांढरा सनबोर्ड. पडदा मोहरी, विटकरी किंवा मोरपंखी घ्या (लक्ष्मी रोडवर साधं सुती कापड मिळेल) आणि मुलीला त्याच्यापासून पाच-सहा फूट पुढे बसवा. केसांच्या कडेला उजेड हवा तर मागे तिरकी खिडकी ठेवा आणि शटर १/६० वर आणा, म्हणजे खिडकीचा उजेडही नोंदला जातो.

काजळरेघ:
फ्लॅशने राखाडी दिसण्यात मेकअपचा वाटा मोठा असतो. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायॉक्साइडचं सनस्क्रीन आणि पांढरी 'ट्रान्सल्युसंट' पावडर, दोन्ही फ्लॅशमध्ये पिठासारखी उठतात. त्या दिवशी दोन्ही बंद. आधी मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबा, कोरडी त्वचा मुळातच राखट दिसते. फाउंडेशनची छटा मनगटावर न पाहता जबड्यावर आणि कपाळावर पाहा, बऱ्याचजणींचं कपाळ गालांपेक्षा गडद असतं. डोळ्यांखाली थेट कन्सीलर लावलात तर करडे गोल उमटतात, आधी नारिंगी-लाल करेक्टरचा पातळ हात. ब्लश विटकरी किंवा जांभळट, फिका गुलाबी नको.

छटा न मिळण्याची तक्रार जुनी आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटीने फाउंडेशनच्या एकदम ४० छटा आणल्या, तेव्हा कुठे बाकीच्या कंपन्यांनी गडद टोकाकडे नीट पाहिलं. जुळती छटा नसेल तर दोन मिसळा, फिकी लावून वर ब्राँझर फासू नका.

केसांना हात लावायचा तर जिचे तिलाच लावू द्या. कोरडे कुरळे केस विंचरले की तुटतात आणि आकार जातो.

जुनी_निगेटिव्ह:
यात नवीन काही नाही. फिल्म बनवणाऱ्या कोडॅकच्या 'शर्ली' कार्डवर (रंग जुळवायचा नमुना फोटो) गोरी बाई असायची आणि लॅब तिच्या त्वचेवरून प्रिंटचे रंग जुळवायची. चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी आपला माल नीट येत नाही म्हणून कुरकुर केली, तेव्हा गडद तपकिरी छटांकडे लक्ष गेलं. माणसांसाठी नव्हे, कपाटांसाठी! अमेरिकन व्होग या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय स्त्री, बेव्हर्ली जॉन्सन, आली ती ऑगस्ट १९७४ मध्ये. आणि नोव्हेंबर २०१७ मध्येसुद्धा ब्रिटिश ग्रॅझिया मासिकाच्या मुखपृष्ठावर अभिनेत्री लुपिता न्याँगोचे केस फोटो एडिटिंगमध्ये कापून, गुळगुळीत करून छापले. तिने जाहीर आक्षेप घेतला, छायाचित्रकाराला माफी मागावी लागली. तुमच्या एडिटिंगवाल्याला हा किस्सा सांगाच.

आडवी_फ्रेम:
सांगतो. पण मग त्याला नक्की करायला काय सांगू?

ग्रे_कार्ड:
'उजळ' हा शब्दच वापरू नका. मराठीत उजळ म्हणजे प्रकाशमान आणि उजळ म्हणजे गोरी. तो दुसरा अर्थ घेतो, कारण लग्नाच्या अल्बममध्ये त्याला तेच सांगितलं जातं. असं सांगा: रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), एक्स्पोजर जास्तीत जास्त अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर, शॅडोज थोड्या वर, ऑरेंजच्या (त्वचेचा रंग त्यातच येतो) ल्युमिनन्स म्हणजे उजळपणा आणि सॅच्युरेशन म्हणजे गडदपणा यांना हात नाही, स्किन स्मूदिंग शून्य. ऑरेंजचं सॅच्युरेशन खाली गेलं की पुन्हा राख.

लॅबला फाइल देताना 'ऑटो करेक्शन बंद' असं लेखी द्या. नाहीतर मशीन तुमची सगळी मेहनत पुसतं. आधी एकाच फोटोचा ४ x ६ प्रिंट काढा आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न बघता दारात येऊन उजेडात बघा. कागद लस्टर (मंद चकाकीचा). मॅटवर गडद छटा एकमेकींत बसून जातात, आणि ग्लॉसीवर बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं.

काजळरेघ:
कॅप्शनचं: 'सावळी' नको. युगांडाच्या मुलीला सावळी म्हणणं हा कौतुकाचा आव आहे, जणू खरा रंग सांगायला आपणच लाजतो. 'काळी' मराठीत टोमण्यासारखं ऐकू येतं. जिथे वंशाचा संदर्भ खरंच लागतो तिथे 'कृष्णवर्णीय' लिहा, आणि एकट्या पोर्ट्रेटखाली तो बहुतेक वेळा लागतच नाही. नाव, देश, शिकते काय, एवढं पुरे. आणि 'आफ्रिकी सौंदर्य' असला मथळा कृपया नको. सुदान आणि युगांडाच्या मुलींच्या त्वचेची छटा, केस, दागिने, काहीच सारखं नाही. मजकूर छापायच्या आधी सहाही जणींना दाखवा, प्रिंटसकट.

जुनी_निगेटिव्ह:
भिंतीवर लावताना दिव्यांचंही बघा. पिवळे स्पॉट असतील तर विटकरी पडद्यासमोरचे चेहरे तांबडे दिसतील. ४००० केल्व्हिनच्या (दिव्याच्या रंगाचं माप) आसपासचे दिवे मागा, ३० अंशांतून वरून. आणि काचेची फ्रेम टाळा.